एक मत आणि टनभर ऊस

सप्टेंबर महिन्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या सहकारी साखर कारखान्यावर गेलात, तर एक देखावा हमखास पाहायला मिळतो. कारखान्याच्या आवारात मोठा मांडव, समोर व्यासपीठ, व्यासपीठावर हार घातलेल्या तसबिरी. सभासद मोटारसायकलींवरून, जीपमधून, ट्रॅक्टरमधून येतात. हातात वार्षिक अहवाल असतो. मुखपृष्ठ रंगीत आणि आत आकड्यांचे रकाने. कार्यकारी संचालक विषयपत्रिकेतला एकेक विषय वाचतात आणि पुढच्या रांगांतून आवाज उठतो, ‘मंजूर! मंजूर!’ एवढ्यात मागून कोणीतरी उठतो आणि विचारतो, ‘अहवालात तोडणी-वाहतुकीचा खर्च एवढा कसा वाढला?’ कधी त्याला उत्तर मिळते. कधी ध्वनिक्षेपक त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेचा हा प्रसंग आपल्याला इतका ओळखीचा आहे, की त्यात काही विशेष आहे असे वाटत नाही. पण जगाच्या आर्थिक इतिहासात तो विशेष आहे. लोकशाहीत माणसे मोजली जातात. गरिबाचे एक मत आणि श्रीमंताचेही एकच. भांडवलशाहीत पैसा मोजला जातो. ज्याचे शंभर भाग, त्याची शंभर मते. या दोन मोजण्या एकाच समाजात शेजारी शेजारी चालतात, आणि एकीत जिंकलेला माणूस दुसरीत ढवळाढवळ करतो, ही सगळीकडची कथा आहे. महाराष्ट्राने मात्र एक धाडस केले. कोट्यवधी रुपयांचा कारखाना उभारून त्यात मोजणी माणसांची ठेवली. एक एकरवाल्याला एक मत, पन्नास एकरवाल्यालाही एकच मत. या धाडसाचे पुढे काय झाले, सरकार त्यात कसे आले आणि सरकारबरोबर नवे पुढारी कसे घडले, हे आज पाहू.

थोडे मागे जाऊ. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेले हे प्रकरण. त्यानंतर १८७९ चा कर्जनिवारणाचा कायदा आला आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. सहकार आपल्याकडे असा सरकारच्या कचेरीतून आला. सावकाराला पर्याय हवा आणि तो कमी खर्चात हवा, हा राज्यकर्त्यांचा हिशेब होता. संस्थांवर निबंधक नावाचा अधिकारी बसला, तो तेव्हापासूनच. हा निबंधक लक्षात ठेवा, कारण पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

याच काळात दुष्काळी टापूत कालवे निघाले. नीरेचा डावा कालवा १८८५ चा. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. पाणी आले, पाण्यामागे ऊस आला. १९३२ मध्ये सरकारने देशी साखरेला जकातीचे संरक्षण दिले, जाव्याच्या साखरेची आयात आटली आणि देशात खासगी कारखाने भराभर उभे राहिले. त्यांतल्या काहींनी कालव्याखालच्या जमिनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतल्या आणि स्वतःचा ऊस स्वतः पिकवला. मालकाच्या हातून जमीन गेली आणि त्याच जमिनीवर तो मजूर झाला, असेही घडले. या जमिनी पुढे कमाल जमीनधारणा कायद्याखाली सरकारकडे गेल्या. त्या कसण्यासाठी १९६३ मध्ये शेती महामंडळ निघाले, आणि ‘खंडकरी’ शेतकऱ्यांना त्या परत मिळू लागायला २०१२ साल उजाडावे लागले. भांडवल आणि सरकार यांच्या मध्ये सापडलेल्या माणसाला किती वाट पाहावी लागते, याचे हे एक माप.

या पार्श्वभूमीवर अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भाग जमवले. लोणीत त्यांनी आधी पतपेढी चालवली होती. पैसा लोकांकडून घ्यायचा आणि त्याचा हिशेब लोकांना द्यायचा, हा वस्तुपाठ त्यांच्या गाठीला होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. वैकुंठभाई मेहता तेव्हा मुंबई राज्याचे अर्थ आणि सहकार मंत्री होते. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या कारखान्याचे पहिले गाळप झाले. शेतकऱ्याचा अनुभव, विद्वानाचा अभ्यास आणि सरकारचा पैसा, असे तिघे एका मांडवाखाली आले.

आता प्रश्न असा, की मोठ्या बागायतदाराने लहान शेतकऱ्याला बरोबरीचे मत का देऊ केले? केवळ औदार्य म्हणून? डोनाल्ड अ‍ॅटवूड या मानववंशशास्त्रज्ञाने बारामती भागातल्या ऊसकरी गावांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९९२ मध्ये पुस्तक लिहिले. त्यातला विचार सोपा आहे. ऊस तोडला, की त्यातली साखर घटू लागते. तो दिवसभरात गाळला गेला तर बरा. म्हणून कारखाना जवळ हवा आणि तो हंगामभर अखंड चालायला हवा. एवढे मोठे यंत्र चालवण्याइतका ऊस एकट्या बड्या बागायतदाराकडे नव्हता. लहानांचा ऊस मिळाला नाही, तर मोठ्याचाही कारखाना बंद. लहान शेतकऱ्याला तर दुसरी वाटही होती. दर पटला नाही, तर तो गुऱ्हाळ लावून गूळ करी. समान मतामागे असे समान गरजेचे बळ होते. कागदावरची समता टिकली, ती या बळामुळे.

इथे सरकारचा प्रवेश होतो. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या ग्रामीण पतपाहणी समितीचा अहवाल १९५४ मध्ये आला. गाडगीळ तिचे एक सदस्य होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आहे, असे त्या पाहणीत निघाले. म्हणजे पन्नास वर्षे कायदा राबवूनही सावकार जागच्या जागी होता. समितीचे निदान असे, की खेड्यातला दुबळा माणूस एकट्याच्या बळावर सावकार आणि व्यापारी यांच्याशी टक्कर देऊ शकत नाही. त्याच्या बाजूला सरकारने भागीदार म्हणून उभे राहिले पाहिजे. युक्तिवाद चुकीचा नव्हता. सरकारने कारखान्यांत भागभांडवल घातले, कर्जांना हमी दिली आणि केंद्राने परवाने देताना सहकाराला झुकते माप दिले. ही मदत नसती, तर महाराष्ट्रात एवढे कारखाने उभेच राहिले नसते.

पण भागीदार आला, की त्याची दारेही आली. परवाना दिल्लीहून, भागभांडवल आणि हमी मुंबईहून, कर्ज राज्य सहकारी बँकेतून, लेखापरीक्षण सहकार खात्याकडून. निवडणूक पुढे ढकलण्याचा आणि संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक बसवण्याचा अधिकारही सरकारकडेच. ही सगळी दारे ज्याला ठोठावता येतात, तोच कारखाना आणू शकतो आणि चालवू शकतो. साहजिकच सभासदांना वाटू लागले, की आपला अध्यक्ष नुसता प्रामाणिक असून भागणार नाही, त्याचे वजन मंत्रालयात पडले पाहिजे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि कारखाना, जिल्हा बँक, जिल्हा परिषद, विधानसभा अशी एक शिडी तयार झाली. वसंतदादा पाटील सांगलीच्या कारखान्याच्या उभारणीतून पुढे आले आणि १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाले. दुबळ्यांना आधार म्हणून जी काठी दिली, तिची सबळांनी शिडी केली.

या पुढाऱ्यांना नुसते लुटारू म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. हा वर्ग तिथल्याच मातीतला होता. मुंबईचा भागधारक नफा मुंबईला नेतो. इथल्या अध्यक्षाला तालुक्यातच मते मागायची होती. म्हणून रस्ते झाले, उपसा सिंचन योजना झाल्या, शाळा, महाविद्यालये आणि दवाखाने झाले. समाजशास्त्रज्ञ बा. स. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास करून १९८० मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. कारखान्यात राजकारण भरपूर होते आणि तरीही कारखाना चांगला चालत होता, असे त्यांना दिसले. विरोधी गट टपून बसलेला असला, की सत्ताधारी गटाला हिशेब नीट ठेवावा लागतो. राजकारणाने कारखाने बुडाले, असे आपण सरसकट म्हणतो. बाविस्करांचे निरीक्षण सांगते, की खरे राजकारण, म्हणजे दोन तुल्यबळ गटांची झुंज, हाच कारखान्याचा पहारेकरी होता. अडचण झाली ती हा पहारेकरी नाहीसा झाला तिथे.

आणि तो नाहीसा कसा झाला? मत समान राहिले, पण मतामागचे बळ घटले. एक उदाहरण घ्या. झोनबंदीच्या काळात प्रत्येक कारखान्याचे कार्यक्षेत्र ठरलेले होते. त्या हद्दीतला ऊस दुसऱ्या कारखान्याला नेता येत नसे. अखंड ऊसपुरवठा व्हावा, हा नियमामागचा हेतू. पण त्यामुळे शेतकऱ्याचा दुसरा दरवाजा बंद झाला. आता उसाच्या तोडीची चिठ्ठी कोणाच्या हाती? कारखान्याच्या. फेब्रुवारी सरला, ऊस वाळू लागला, तुरे आले, आणि तोडणीची टोळी शेजाऱ्याच्या फडात आहे. मतपेटीत मत गुप्त असते हो, पण गावात कोण कोणत्या पॅनेलचा, हे कोणापासून लपते? तोड महिनाभर उशिरा आली, की वजन घटते आणि पुढचा खोडवाही मार खातो. कोणी धमकी देण्याची गरज नाही. उभा ऊसच शेतकऱ्याला गप्प बसवतो.

या गप्प बसण्याची किंमत मोजण्याचा प्रयत्न अर्थशास्त्रज्ञांनी केला आहे. अभिजित बॅनर्जी, ज्यांना २०१९ मध्ये नोबेल मिळाले, आणि त्यांचे तीन सहकारी यांनी महाराष्ट्रातल्या सुमारे शंभर सहकारी कारखान्यांची १९७१ ते १९९३ या काळातली आकडेवारी तपासली आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांच्यापुढचे कोडे असे. कारखाना बड्या बागायतदाराच्या ताब्यात आहे. त्याचा ऊसही सर्वांत जास्त. मग उसाला जास्तीत जास्त दर मिळावा, अशी इच्छा त्याचीच असायला हवी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दर कमी ठेवला जातो. का बरे?

उत्तर हिशेबात आहे. टनामागे १० रुपये दर वाढवला, तर ते १० रुपये लहान-मोठ्या सर्वांना टनाप्रमाणे वाटले जातात. तेच १० रुपये कारखान्यात शिल्लक ठेवले, तर त्यांचा विनियोग संचालक मंडळ ठरवते. ठेके कोणाला, नोकरभरती कोणाची, मळी कोणाला विकायची, नवे बांधकाम कोणते, हे सगळे मूठभरांच्या हाती. उघड वाटपात मोठ्याला त्याच्या उसाइतकाच वाटा मिळतो. शिलकीवर मात्र त्याचा अधिकार त्याच्या उसापेक्षा कितीतरी मोठा असतो. ज्या भागात जमीनधारणेत विषमता जास्त, तिथे उसाचा दर कमी आणि कारखान्याची गाळप क्षमताही लहान, असे त्या अभ्यासात आढळले. म्हणजे विषमतेने नुसता लहानाचा घास गेला नाही, सगळ्यांचे ताटच लहान झाले.

पुढे २०१२ मध्ये संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञाने आणखी एक दुवा जोडला. राजकारण्यांच्या ताब्यातल्या कारखान्यांत निवडणुकीच्या वर्षी उसाचा दर घसरतो, असे त्यांना आढळले. तो पैसा निवडणुकीकडे वळत असावा, असा त्यांचा अर्थ. गंमत पुढेच आहे. तो पुढारी निवडून आला, तर शेतकऱ्यांना काही भरपाई मिळते, असेही त्यांना दिसले. म्हणजे सभासद भोळा नाही. पुढारी मुंबईत बसला, तर आपले पाणी, आपला रस्ता, आपली हमी यांची सोय होईल, हे तो जाणतो. एका अर्थाने तो आपल्या उसाच्या दरातून पुढाऱ्यावर पैसे लावतो. फरक इतकाच, की पैसे लावायचे की नाही, हे त्याला कोणी विचारलेले नसते.

या व्यवस्थेला पहिला जोराचा धक्का बाहेरून बसला. १९८० मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नाशिक भागात कांदा आणि ऊस यांच्या भावासाठी रस्ते अडवले. उसाला टनाला ३०० रुपये, ही मागणी गावोगाव पोहोचली. सभेत ‘मंजूर’ म्हणणारा सभासद रस्त्यावर ‘नामंजूर’ म्हणाला. झोनबंदी उठवा, ही त्या चळवळीची मागणी होती आणि पुढे ती बंदी उठली. १९९८ मध्ये केंद्राने साखर कारखान्यांची परवाना पद्धत बंद केली. २००४ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात राजू शेट्टींनी स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दराचा आकडा जाहीर होई आणि तो पटेपर्यंत ऊसतोड थांबे. शेट्टी २००४ मध्ये आमदार आणि २००९ मध्ये खासदार झाले. कारखान्याच्या शिडीवर पाय न ठेवता, नुसत्या उसाच्या दरावर लोकसभेत पोहोचता येते, हे तेव्हा सिद्ध झाले.

दार उघडले, तसे त्यातून बाहेर पडणारेही निघाले. परवाना सुटल्यावर खासगी कारखाने वाढले. अनेक आजारी सहकारी कारखाने कर्जाच्या वसुलीसाठी बँकांनी विक्रीला काढले. मे २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने जाऊन तिथे प्रशासक आले. २०२२-२३ च्या हंगामात राज्यात दोनशेच्या वर कारखाने चालले आणि त्यांतले जवळपास निम्मे खासगी होते. त्यांपैकी कित्येकांमागे तीच जुनी राजकीय घराणी दिसतात. काही खासगी कारखाने पैसे वेळेवर देतात, यंत्रे नवी असतात, हे मान्य केले पाहिजे. पण तिथे सप्टेंबरातला मांडव नाही. तिथे शेतकरी ऊस घालणारा आहे, सभासद नाही. पान उलटून प्रश्न विचारण्याचा त्याचा हक्क संपला.

सहकाराच्या लोकशाहीची आणखी एक हद्द सांगितली पाहिजे. बीड आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून दर दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पहाटेपासून फडात राबतात. कारखान्याच्या सभासद यादीत त्यांचे नाव नाही आणि सभेत त्यांचा विषय येतो तो ‘तोडणी-वाहतूक खर्च’ या रकान्यात. एक माणूस एक मत म्हणताना माणूस कोणाला म्हणायचे, हे आधी ठरलेले असते.

राज्यघटनेच्या पातळीवरही प्रयत्न झाले. ९७वी घटनादुरुस्ती २०१२ मध्ये अमलात आली. संचालक मंडळाची मुदत ५ वर्षे, वेळेवर आणि स्वतंत्र यंत्रणेकडून निवडणुका, बरखास्तीवर मर्यादा, अशा तिच्या तरतुदी होत्या. महाराष्ट्राने त्यानुसार २०१३ मध्ये आपला कायदा बदलून सहकारी निवडणूक प्राधिकरण आणले. जुलै २०२१ मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय झाले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की राज्यांतल्या सहकारी संस्था हा राज्यांचा विषय आहे आणि राज्यांची संमती न घेता केलेला घटनादुरुस्तीचा तेवढा भाग टिकणार नाही. म्हणजे १९०४ साली निबंधकाच्या रूपाने आलेला प्रश्न अजून टेबलावरच आहे. सहकारावर देखरेख कोणी करायची, मुंबईने की दिल्लीने? सभासदाने करायची, हे उत्तर या वादात फारसे ऐकू येत नाही.

सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या या अनुभवातून मला एवढेच दिसते. मतांची समानता कायद्याने देता येते, पण ती वापरण्याची ताकद कायद्याच्या बाहेर असते. दुसरीकडे ऊस घालण्याची मोकळीक, विरोधी पॅनेल उभे करता येईल एवढी सुरक्षितता आणि समजेल असा हिशेब, या तीन गोष्टी जिथे होत्या तिथे लहान शेतकऱ्याचे मत खरोखर मोठ्याच्या मताइतके वजनदार ठरले. त्या जिथे गेल्या, तिथे मतदान होत राहिले आणि निर्णय दुसरीकडे होत राहिले. पुढारी वर्ग तर प्रत्येक व्यवस्थेत तयार होतो. त्याला रोज कोणाला उत्तर द्यावे लागते, हा प्रश्न महत्त्वाचा.

म्हणून येत्या सप्टेंबरात आपल्या कारखान्याची सभा असेल, तर जरूर जा. अहवाल आदल्या रात्री वाचून जा. आणि मागच्या रांगेतून कोणी पान नंबर सांगून प्रश्न विचारू लागला, तर तो आपल्या गटाचा आहे की नाही हे न पाहता म्हणा, ‘त्याला माइक द्या.’

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)